पेटीतले अध्यक्ष

बिस्किटांचा पत्र्याचा डबा. झाकणावर उधळलेला घोडा. घोड्याच्या पोटात, घडी घातलेला कागद जाईल एवढी फट.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकलेली लिफ्ट. आत दिवा चालू, पंखा चालू, माणूस कोणी नाही.

वर्तमानपत्राचं सातवं पान : जगभर लोकशाही आक्रसत चालली आहे. त्याच्याच खाली गुडघ्यांच्या तेलाची जाहिरात.

शिसं. मऊ धातू. एकदा ठसा उमटला की तोडल्याशिवाय सुटत नाही.

बहात्तर पायऱ्या.

“जगाचं नंतर बघा. आधी नळाचं वॉशर बदला.”

हे शेवटचं वाक्य काकूंचं. त्या ते बोलल्या तेव्हा तराजूकाका सातव्या पानावर होते, आणि माणूस सातव्या पानावर असला की त्याला बायकोचं तिसऱ्या हाकेआधी ऐकू येत नाही.

तराजूकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात त्यांनी निरीक्षक म्हणून एकतीस वर्षं काढली होती. दुकानोदुकानी जायचं, काटा तपासायचा, बरोबर निघाला तर तारेत शिशाची गोळी अडकवून पकडीने दाबायची. झालं सील. एकतीस वर्षांत त्यांनी ठोकलेलं एकही सील कुणी परस्पर तोडलं नव्हतं, निदान तोडणारा सुखात राहिला नव्हता. निवृत्तीला खात्याने त्यांना मनगटी घड्याळ दिलं. ते दिवसाला चार मिनिटं मागे पडतं हे त्यांनी आठवडाभरात सिद्ध करून खात्याला लेखी कळवलं. असा माणूस. आता अशा माणसाच्या हाती लोकशाहीच्या ऱ्हासावरचा लेख पडावा, ही चूक कुणाची?

लेखात देशांची नावं नव्हती, लक्षणं होती. डॉक्टर सांगतात तशी. निवडणुका पुढे ढकलल्या जातात. सगळ्या किल्ल्या एकाच माणसाकडे जमतात. नियम लिहिणारा आणि पाळायला लावणारा एकच असतो. टीका करणारा शत्रू ठरतो. वाचता वाचता काकांच्या अंगावर काटा आला, कारण ही सगळी लक्षणं त्यांना आपल्याच इमारतीत दिसायला लागली. त्यांनी कात्री मागवली आणि लेख कापून खिशात ठेवला. लेखाची शेवटची ओळ घाईत तेलाच्या जाहिरातीकडे राहून गेली. तिच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

इमारतीत सोळा घरं. चार मजले, मजल्यावर चार. अध्यक्ष गेली चौदा वर्षं एकच : पहिल्या मजल्यावरचे, सिमेंटचा व्यापार मुलाकडे सोपवून बसलेले गृहस्थ. ते हुकूमशहा होते असं म्हणायला हुकूम द्यावे लागतात, आणि तेवढा उरक त्यांच्यात नव्हता. दरवर्षीच्या सभेला चार माणसं यायची. अध्यक्ष विचारायचे, कुणाला व्हायचंय का अध्यक्ष? मग थोडा वेळ पंख्याचा आवाज ऐकू यायचा, आणि त्या आवाजाला एकमत म्हणायचे.

“चौदा वर्षं,” काका काकूंना म्हणाले. “एक माणूस. निवडणूक नाही.”

“तुम्ही का नाही उभे राहिलात?”

“प्रश्न माझा नाहीये. तत्त्वाचा आहे.”

“तत्त्वालाच म्हणावं मग वॉशर बदल.”

निवडणूक घ्या अशा अर्जावर सह्या गोळा करायला काका निघाले ते थेट चौथ्या मजल्यावर, मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या इमारतीला त्यांनी छड्या मारल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्याला अजून तशी आशा होती. लिफ्ट बंद पडल्यापासून, म्हणजे तीन आठवडे, बाई खाली उतरल्या नव्हत्या. दोन्ही गुडघे संपावर. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी त्यांची धाकटी बहीण दर गुरुवारी दोन बस बदलून यायची. तिचं कमरेचं हाड मोडून जुळलेलं, तिला वर चढता येत नव्हतं. म्हणून ती फाटकाजवळच्या बाकावर बसायची, बाई वर गॅलरीत बसायच्या आणि दोघी एकमेकींकडे बघत फोनवर बोलायच्या. धाकटीचा फोनवर विश्वास नव्हता. ती फोन कानाला लावून शिवाय ओरडायची. बाईंना या आठवड्यात पोट साफ होतंय की नाही, हे त्यामुळे सोळाही घरांना माहीत असायचं.

बाईंनी काकांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. निवडणूक झाली की लिफ्ट चालू होईल का?

काकांना हा प्रश्न जरा खालच्या पातळीवरचा वाटला. पण सहीची गरज होती. “बाई, शब्द देतो,” ते म्हणाले. “निवडणूक झाली की पहिलं काम लिफ्टचं.”

बाईंनी सही केली. शाई सुकेपर्यंत फुंकर घातली, आणि वही परत देताना काकांकडे अशा नजरेने पाहिलं, की आपण गृहपाठ न करता आलोय असं त्यांना उगीचच वाटलं.

खरी निराशा अध्यक्षांनी केली. काका कात्रण घेऊन, आवाज तापवून त्यांच्या दारात उभे राहिले. चौदा वर्षांची राजवट, ती काही सुखासुखी जायची नाही. काकांनी मनात चार उत्तरं घोळवून ठेवली होती. अध्यक्ष म्हणाले, घ्या की निवडणूक, मीच म्हणणार होतो, मला कंटाळा आलाय. वर चहा विचारला. चार उत्तरं काकांच्या तोंडात तशीच राहिली, आणि चहाबरोबर गिळावी लागली.

तेवढ्यात अध्यक्षांनी टेबलावरून एक कागद ओढला. लिफ्ट कंपनीचा दुरुस्तीचा करार होता. एवढी सही करतो, म्हणाले, आणि मग मोकळा होतो.

काकांनी कागदावर हात ठेवला. जाता जाता निर्णय घेणं हे मावळत्या सत्तेला शोभत नाही. सही नव्या अध्यक्षांचीच हवी. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. अध्यक्षांनी खांदे उडवले आणि करारावर सही करायच्या पेनाने, त्याच बैठकीत, समिती विसर्जित केल्याच्या पत्रावर सही केली.

*

नियम ९. उमेदवाराच्या नावापुढे खूण करावी. अन्य काहीही लिहिल्यास मत बाद.

नियम १७. मतदान गुप्त राहावे म्हणून निवडणूक अधिकारी मतदारांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसेल.

नियम २३. मतदानानंतर पेटी शिशाने सीलबंद केली जाईल व नव्या अध्यक्षांच्या लेखी आदेशाशिवाय ती कोणीही उघडणार नाही.

*

असे एकूण एकेचाळीस. काकांनी ते पाच दिवसांत लिहिले. तेविसावा लिहिताना तर त्यांना आपल्या तारुण्याची आठवण झाली. जप्त केलेला माल असाच ठेवत. अधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय गाठ सुटत नसे. अध्यक्षांनी जाता जाता बोलावून ठेवलेल्या सभेत त्यांनी एकेचाळीसही नियम वाचून दाखवायला घेतले. सातव्याला लोक चपला शोधू लागले. हात वर करा, असं काका म्हणाले तेव्हा निम्मे लोक उठता उठता आळस देत होते. तेही हात मोजले गेले. निवडणूक अधिकारी म्हणून काकांचं नाव पुढे आलं. म्हणजे काकांनीच पुढे केलं, आणि पंख्याने अनुमोदन दिलं.

पण उभं कोण राहणार? कुणीच नाही. काका दारोदार फिरले. एकाला मुलीची परीक्षा होती, एकाला पाठदुखी, एकाने सरळ सांगितलं की मला लोकांशी भांडायची आवड आहे पण वेळ नाही. शेवटी दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य तयार झाले. काकांचं तोंड उघडं होतं आणि त्यात त्यांचं यंत्र होतं, तेव्हा दोघांत काय ठरलं ते दोघांनाच माहीत. एका उमेदवाराने मात्र निवडणूक होत नाही. बिनविरोध हा तर ऱ्हासाचाच एक प्रकार. तेव्हा ज्याची सत्ता उलथवायला निघाले होते, त्या माजी अध्यक्षांच्याच दारात काका पुन्हा गेले आणि तुम्ही उभे राहाच म्हणून अर्धा तास विनवण्या करून आले. काकूंनी हे ऐकलं आणि त्या नुसत्याच “बरं” म्हणाल्या. काकूंचं “बरं” हे काकांना शिवीपेक्षा जास्त लागायचं.

मतदान रविवारी, तळमजल्याच्या गाड्या लावायच्या जागेत. घोड्याचा डबा एका तपासलेल्या काट्यावर ठेवला होता. काकांनी रिकाम्या डब्याचं वजन आधीच लिहून ठेवलं होतं. मतपत्रिका घरटी एक, जाड पुठ्ठ्याची, बरोबर दोन ग्रॅमची. कुणी दोन मतं टाकली तर काटा बोलेल. मतदार येत, वहीत आपली सही आपण करत, मत टाकत. काका नियम सतराप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसले होते, हातात एक छोटा आरसा धरून, त्यात फक्त काटा दिसेल असा. येणारे जाणारे त्यांच्या पाठीशी बोलत. काहींनी पाठीला बरेच सल्ले दिले.

पंधरा मतं दुपारपर्यंत पडली. सोळावं काही येईना. पाच वाजता मतदान बंद. पाचला पाच कमी असताना मागे पावलं वाजली. हळू. मग थांबली. मग वहीचं पान, मग पुन्हा बराच वेळ काहीच नाही, नुसता कुणाच्या तरी श्वासाचा आवाज. काकांचं लक्ष आरशातल्या काट्याकडे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे होतं.

“आटपा लवकर,” काका भिंतीला म्हणाले. “लोकशाही कुणासाठी थांबत नाही.”

डब्याचं वजन वगळून काटा बत्तीस ग्रॅमवर आला. शंभर टक्के मतदान. काकांचे डोळे भरून आले. ते पुसून, तार ओढून, शिशाची गोळी पकडीत धरून त्यांनी डब्याला सील ठोकलं. असं सुंदर सील त्यांनी उभ्या नोकरीत ठोकलं नव्हतं.

सव्वापाचला निकालासाठी सगळे जमले. काका पकड उचलणार, एवढ्यात दंतवैद्यांनी नियमांचा कागद नाकासमोर धरला. उमेदवार असल्यामुळे इमारतीत तो वाचणारे ते एकटेच होते.

“काका, हे तेवीस नंबरचं काय आहे? पेटी उघडायला आदेश कुणाचा लागणार?”

“नव्या अध्यक्षांचा.”

“ते कोण?”

“ते,” काका म्हणाले, आणि तिथेच त्यांच्या आवाजातलं शिसं वितळलं, “पेटीत आहेत.”

हशा झाला. काका हसले नाहीत. कुणी म्हणालं, उघडा हो, कोण बघतंय? या वाक्याविरुद्ध काकांनी एकतीस वर्षं नोकरी केली होती. ते डबा उचलून, घोडा छातीशी धरून, घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सोसायट्यांची नोंदणी कचेरी. तिथल्या कारकुनाने सगळं दोनदा ऐकलं आणि शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग नियम सांगितला. नियम बदलायचा तर सर्वसाधारण सभा हवी. सभा बोलवायची तर अध्यक्ष हवेत. अध्यक्ष हवेत तर पेटी उघडायला हवी. तोवर कारभार निवडणूक अधिकाऱ्याकडे. म्हणजे तुमच्याकडेच, तो म्हणाला, आणि तसं पत्र दिलं. फक्त करारावर सही करता येणार नाही, तिथे निवडून आलेलाच माणूस लागतो. बाकी सगळे अधिकार तुमचे. किती दिवस? कारकून म्हणाला, ते तुमच्या पेटीला विचारा.

लिफ्टचा करार अध्यक्षांच्या टेबलावर तसाच पडून होता.

काकांनी कारभार नाइलाजाने स्वीकारला. खरंच नाइलाजाने, पहिले तीन दिवस. पंपाची किल्ली, गच्चीची किल्ली, मीटरच्या खोलीची किल्ली, फलकाच्या काचेची किल्ली. चौदा वर्षांत पहिल्यांदा पंप सहा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे सहा वाजून दहाच मिनिटांनी, सुरू झाला. जिन्यातल्या चपला रांगेत लागल्या. फाटकाजवळ कुंड्या आल्या. सकाळी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत काका इमारतीला फेरी मारत, तेव्हा त्यांची चाल बदलली आहे हे काकूंनी वरूनच ओळखलं.

फलकावर एक दिवस चिठ्ठी लागली : पेटी उघडा. काकांनी ती काढली. मजकुराबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं, तिच्यावर शिक्का नव्हता. शिक्का काकांकडेच होता. दुसऱ्या दिवशी दुसरी चिठ्ठी : आधी पेटी उघडा, मग शिक्का मारा. अक्षर डॉक्टरांच्या अक्षरासारखं अवाचनीय होतं, त्यामुळे संशय दंतवैद्यांवर गेला. काका काकूंना म्हणाले, काही लोकांना इमारतीत शांतता नकोच आहे. सगळ्यांनी मिळून अनौपचारिक बैठक घेऊ असं शेजारी म्हणाले, तेव्हा काकांनी ती पुढच्या महिन्यावर टाकली. वातावरण सध्या योग्य नव्हतं.

माजी अध्यक्ष मात्र टवटवीत झाले होते. संध्याकाळी फिरायला जात, काका दिसले की दुरून सलाम ठोकत. तो सलाम खरा की खोटा हे काकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

काकू मटार सोलत बसल्या होत्या. समोर वर्तमानपत्राचा एक तुकडा होता, तेलाच्या जाहिरातीचा. मोठ्या बाईंना द्यायला म्हणून त्यांनी जपून ठेवलेला.

“ऐका,” त्या म्हणाल्या. “‘आणि हे सगळे बहुतेक वेळा लोकशाहीच्या रक्षणाच्या नावाखाली होते.’”

“कुठे आहे हे?”

“तेलाच्या वर.”

“तेच तर मी अध्यक्षांबद्दल म्हणत होतो.”

“मी कुठे कुणाचं नाव घेतलं?” काकू म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. एवढा मोठ्याने तो आधी कधी ठिबकला नव्हता.

मग गुरुवार आला. निवडणुकीनंतरचा तिसरा.

धाकटी बहीण बाकावर बसली, फोन कानाला लावला आणि सगळ्या इमारतीला विचारलं, तो पेटीवाला महाराज अजून उघडत नाही का गं? काका तेव्हा कुंड्यांना पाणी घालत होते, तिच्यापासून चार पावलांवर. त्यांनी मान आणखी खाली घातली. वर गॅलरीत बाईंनी तिला गप्प करायला हात केला, आणि त्या हातात फोन होता, हे त्या विसरल्या. चार मजले उतरून फोन काकांच्या तिसऱ्या कुंडीत आला. लिफ्ट बंद पडल्यापासून चौथ्या मजल्यावरून इतक्या लवकर खाली कुणी आलं नव्हतं.

फोन मेला. कुंडीही. दोघी बहिणी एकमेकींकडे बघत राहिल्या. आता बोलणार कशा? धाकटीचा आवाज वर पोचत होता, पण बाईंचा मास्तरणीचा आवाज आता खोलीपुरता उरला होता. धाकटीने इकडे तिकडे पाहिलं. तिथे झारी घेऊन उभा असलेला एकच माणूस होता.

“अहो महाराज, जरा विचारून या तिला, डॉक्टर काय म्हणाले?”

नाही कसं म्हणणार? बहात्तर पायऱ्या वर. बाई दारात खुर्ची घेऊन बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले जिना चढू नका. आणि तिला विचारा, औषध सकाळचं घेते की विसरते? बहात्तर खाली. घेते म्हणावं, पण तिला सांगा, मी पुढल्या गुरुवारी यायची नाही, बसमध्ये चढताना आता तोल जातो. बहात्तर वर. बाई म्हणाल्या, कधी येईल ते विचारा. बहात्तर खाली. धाकटी म्हणाली, लिफ्ट कधी चालू होईल ते तिला विचारा.

हा प्रश्न घेऊन काका वर निघाले. दुसऱ्या मजल्याच्या पुढे त्यांचे पाय थांबले. जाळीतून लिफ्ट दिसत होती. दिवा चालू, पंखा चालू. काका पायरीवर बसले. एकतीस वर्षं त्यांनी किलोला किलो आहे का ते पाहिलं होतं. किलोभर काय घ्यायचंय आणि कुणाला, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. काटा बरोबर असला की काम झालं.

मग उरलेल्या पायऱ्या ते कठड्याला धरून चढले आणि निरोप सांगितला.

मोठ्या बाई म्हणाल्या, “मी मत दिलंय. ते मोजा.”

काका तिथूनच वळले. ते खाली आले, घरात गेले, आणि हत्यारांच्या खणात पकड शोधू लागले. ती काकूंच्या हातात होती. त्यांनी ती पुढे केली.

“सील तोडून झालं की नळाकडे या,” त्या म्हणाल्या.

काकांनी घंटा वाजवून सगळ्यांना तळमजल्यावर बोलावलं. डबा काट्यावर ठेवला. हा नियमभंग आहे, तो मी एकटा करतो आहे आणि त्याची नोंद वहीत मीच करतो आहे, असं त्यांनी जाहीर केलं. मग तोडलं. शिशाचा आवाज होत नाही. पण काकांना झाला.

मोजणी दंतवैद्यांनी केली. माजी अध्यक्ष : आठ. दंतवैद्य : सात. एक पुठ्ठा उरला. त्यावर दोन्ही नावांपुढे काहीच नव्हतं. खाली, वळणदार, फळ्यावर लिहिल्यासारख्या अक्षरात एकच शब्द होता : लिफ्ट.

नियम नऊप्रमाणे मत बाद. काकांनी ते तसं जाहीर केलं, पण मान वर न करता.

म्हणजे पुन्हा मीच, अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा पडला. दंतवैद्यांनी त्यांना टाळी दिली. सुटल्याच्या आनंदात असल्यामुळे जरा जोरातच. करार वरून आणवला गेला. अध्यक्षांनी तो घोड्याच्या झाकणावर ठेवून सही केली. मग काकांनी पंप, गच्ची, मीटर आणि फलक यांच्या किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. जुडगा सोडताना बोटं जरा अडखळली, हे खोटं कशाला सांगायचं?

लिफ्टवाले बुधवारी आले. गुरुवारी धाकटी बहीण आली. तोल सांभाळत, पण आली. मोठ्या बाई लिफ्टने खाली उतरल्या आणि बाकावर तिच्या शेजारी बसल्या. धाकटी सवयीने ओरडतच बोलत होती, वीतभर अंतरावरून. स्वयंपाकघरात नळाखाली आडव्या झालेल्या काकांना सगळं ऐकू येत होतं. पोट साफ होत होतं. वॉशर जुनं, दगड झालेलं होतं. पकडीने ओढावं लागलं.

मतदानाच्या दिवशी मोठ्या बाई दुपारी तीन वाजता घरातून निघाल्या होत्या.